चित्रातला ढग लाल, शिवार कोरडं: उपग्रह नेमकं काय मोजतो

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाचा प्रश्न थोडक्यात असा: मोबाइलवर हवामान खात्याचं उपग्रह चित्र बघून आम्ही फवारणी आणि खताचं ठरवतो. कधी तालुक्यावर लालभडक ढग दिसतो आणि खाली थेंब पडत नाही. कधी चित्रात विशेष काही नसतं आणि तासभर चांगला पाऊस होऊन जातो. मे महिन्यात कुणीतरी पाठवलेल्या उपग्रहाच्या नकाशात भुसावळकडे ५५ अंश होते, हवामान केंद्राची नोंद मात्र ४६. यात खरं काय धरायचं? समुद्रावरच्या चित्रांचा आम्हाला काही उपयोग आहे का? आणि उपग्रहावरून भूजल कळतं म्हणतात, तर आमच्या गावाचं कळेल का?

या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ढगांची चित्रं देणारा उपग्रह पाऊस मोजत नाही, हवेचं तापमानही मोजत नाही. जमिनीवरून, ढगावरून किंवा समुद्रावरून वर येणारी किरणं तेवढी त्याच्यापर्यंत पोचतात. पाऊस, तापमान, ओलावा हे सगळं त्या किरणांवरून गणितानं काढलेलं असतं. किरणं कोणत्या थरातून आली हे कळलं की कोणत्या आकड्यावर किती विसंबायचं तेही कळतं.

हवामान खात्याच्या संकेतस्थळावरची ढगांची चित्रं इन्सॅट मालिकेतली. इन्सॅट-३डीआर ८ सप्टेंबर २०१६ रोजी सोडला, तो ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. इन्सॅट-३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ रोजी गेला, तो ८२ अंशांवर. दोन्ही विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवरून पृथ्वीच्याच गतीनं फिरतात, म्हणून सतत आपल्याच भागावर नजर ठेवू शकतात. प्रत्येक उपग्रह अर्ध्या तासाला एक चित्र देतो. त्यांच्या इमेजरला, म्हणजे चित्र टिपणाऱ्या यंत्राला, सहा वाहिन्या आहेत; प्रत्येक वाहिनी एका ठरावीक प्रकारची किरणं बघते. शेतीच्या रोजच्या कामाला तीन पुरतात.

दृश्य वाहिनी म्हणजे साधा उजेड. तिचा ठिपका, म्हणजे चित्रातला सर्वात लहान चौकोन, १ किलोमीटरचा, त्यामुळे ढगाचा पोत उत्तम दिसतो, पण ती फक्त दिवसा चालते. औष्णिक अवरक्त वाहिनी ढगाच्या माथ्याची उष्णता बघते. ती रात्रंदिवस चालते, ठिपका ४ किलोमीटरचा. तिसरी बाष्प वाहिनी, आणि हिच्याबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहे. तिच्यात पांढरा पट्टा दिसला की लोक म्हणतात हवेत ओल आली. ती वाहिनी साधारण पाच ते दहा किलोमीटर उंचीवरची वाफ दाखवते. खालच्या दोन किलोमीटरांत, जिथं पावसाचा खरा कच्चा माल असतो, तिथलं तिला जवळजवळ काही दिसत नाही. हिवाळ्यात पश्चिमी झंझावात येतोय का हे बघायला ती उत्तम. श्रावणातल्या सरीसाठी तिच्याकडे बघू नका.

आता लाल रंग. अवरक्त चित्रातला रंग माणसानं चढवलेला असतो. एका संकेतस्थळावर उणे ४० अंशांना लाल सुरू होतो, दुसऱ्यावर उणे ७० ला. म्हणून आधी बाजूची रंगपट्टी वाचा. पट्टी केल्विनमध्ये असेल तर २७३ वजा करा: २३३ केल्विन म्हणजे उणे ४० अंश. आपल्याकडे पावसाळ्यात उणे ४० चा माथा साधारण दहा किलोमीटर उंचीवर असतो आणि उणे ७० चा चौदा-पंधरा किलोमीटरवर. म्हणजे लाल रंगावरून ढगाचा माथा उंच आहे इतकंच कळतं. त्या माथ्याखाली ढग जमिनीजवळपर्यंत भरलेला आहे, की वर नुसती बर्फकणांची चादर पसरली आहे, हे अवरक्त वाहिनी सांगत नाही. मोठं वादळ निवळलं की त्याचा वरचा पसारा तासन्‌तास तरंगत राहतो. चित्रात तो लालच दिसतो. खाली मात्र फार तर थोडी भुरभुर.

खरा पाऊस त्या पसाऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे, हे खान्देशात ऋतूवर ठरतं, आणि हे लक्षात ठेवलं तर निम्मी फसगत टळते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे खालचा वारा पश्चिमेचा, पण बारा-चौदा किलोमीटरवरचा वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. त्यामुळे ढगाचा माथा पश्चिमेकडे ओढला जातो. वादळ मुक्ताईनगरवर असलं तरी त्याची चादर जळगाव, अमळनेरपर्यंत पोचलेली दिसते. पाऊस असतो तो पसाऱ्याच्या पूर्वेकडच्या, कडा रेखीव असलेल्या बाजूला. पश्चिमेकडची कडा विरविरीत असते. मार्च ते मे मध्ये उलटं. तेव्हा वरचा वारा पश्चिमेचा, माथा पूर्वेकडे पसरतो, आणि गारा-वादळ पश्चिमेकडच्या रेखीव कडेला सापडतं. एकाच चित्रावरून हे ठरवू नका. मागच्या दोन-तीन तासांची पाच-सहा चित्रं एकापाठोपाठ चालवून बघा.

ती चालवताना दोन गोष्टींवर लक्ष हवं: सर्वात थंड ठिपका आणि एकूण पसारा. पसारा वाढतोय, पण सर्वात थंड ठिपका उणे ७२ वरून उणे ६५, मग उणे ५८ असा ऊबदार होत चाललाय, तर वादळ संपत आलंय. याउलट पसारा अजून लहान आहे आणि माथा अर्ध्या तासात पंधरा अंशांहून जास्त गार झाला, तर ते जोरात वाढतंय. पुढचा तास त्याच्या आसपास फवारणीचा पंप बाहेर काढू नये. ठिपक्यावर बोट ठेवून तापमान वाचायची सोय इस्रो आणि हवामान खात्यानं मिळून केलेल्या 'रॅपिड' या संकेतस्थळावर आहे. नुसत्या चित्रापेक्षा ते वापरा.

वेळेचा घोळ तर रोजचाच. चित्रावरची वेळ बहुधा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. ०९:०० लिहिलंय म्हणजे दुपारचे अडीच. शिवाय पूर्ण चित्र टिपायला पंचवीसेक मिनिटं लागतात आणि ते तयार होऊन तुमच्यापर्यंत यायला आणखी वेळ जातो. तुम्ही बघता ते चित्र पाऊण तास जुनं असू शकतं. ताशी ३० किलोमीटरनं सरकणारं वादळ तेवढ्यात वीसेक किलोमीटर पुढं गेलेलं असतं.

जागेची चूकही आहे, आणि ती रावेर-यावल पट्ट्याला विशेष भोवते. उपग्रह आपल्याकडे दक्षिणेकडून, तिरपा बघतो. जळगावच्या अक्षांशावर हा तिरपेपणा उभ्या रेषेपासून साधारण २५ अंशांचा आहे. जमिनीवरची वस्तू चित्रात आपल्या जागी बसते, पण १४ किलोमीटर उंचीचा माथा त्याच्या खऱ्या जागेपेक्षा सहा ते सात किलोमीटर उत्तरेकडे सरकलेला दिसतो. सातपुड्याच्या धारेवर दिसणारं उंच वादळ प्रत्यक्षात पायथ्याच्या केळीवर असू शकतं. म्हणून लाल डागाचं स्थान वाचताना मनातल्या मनात तो दीड-दोन ठिपके दक्षिणेकडे, तापीच्या बाजूला आणायचा. ८२ अंशांवरच्या उपग्रहात हे सरकणं थोडं वायव्येकडे होतं. कमी उंचीच्या ढगांत हा फरक किरकोळ.

आणि ठिपक्याचा आकार बघा. ४ बाय ४ किलोमीटर म्हणजे १६ चौरस किलोमीटर, जवळपास चार हजार एकर. एवढ्या क्षेत्राला एकच आकडा. बांधाच्या अलीकडे पाऊस, पलीकडे कोरडं, हे खान्देशात नेहमीचं. ते या ठिपक्यात कधीच दिसणार नाही.

दुसरी तक्रार होती चित्रात काही नसताना पाऊस पडल्याची. पाऊस पडायला ढगाचा माथा दहा किलोमीटरवर जावाच लागतो असं नाही. मोसमी वारा जोरात असला आणि समोर डोंगर आला की चार-पाच किलोमीटर उंचीचे ढगही भरपूर बरसतात. सह्याद्रीवर हे सर्रास घडतं. आपल्याकडे नवापूर, अक्कलकुवा, तोरणमाळच्या चढावर अशी झड लागते. माथा ऊबदार, म्हणून अवरक्त चित्रात तो ढग करडा, फिका. अशा दिवशी दृश्य वाहिनी उघडा. तिथं तोच ढग दाट पांढरा दिसेल. दृश्य चित्रात झगझगीत आणि अवरक्तात फिका असेल तर तो खालचा दाट ढग. अवरक्तात लाल आणि दृश्यात पातळ, खालची जमीन जाणवण्याइतका, तर ती वरची चादर. दोन्हींत ठसठशीत असेल तर पाऊस आहे असं धरा. रात्री ही तुलना करता येत नाही, म्हणून रात्रीचा अंदाज दिवसापेक्षा कच्चा असतो.

उपग्रहाचे पावसाचे नकाशे, म्हणजे मिलीमीटरचे आकडे देणारे, यांचंही असंच. नासा आणि जपानच्या जीपीएम मोहिमेचा मुख्य उपग्रह २०१४ च्या फेब्रुवारीत गेला. त्यावर खरोखरचं पर्जन्य रडार आहे, त्यामुळे ढगाच्या आतला पाऊस त्याला थरागणिक दिसतो. पण तो आपल्यावरून अधूनमधूनच जातो. मधल्या वेळेत इतर उपग्रहांचे सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) संवेदक आणि अवरक्त चित्रं यांची सांगड घालून आयमर्ग नावाचा नकाशा बनतो: दर अर्ध्या तासाचा, सुमारे दहा-अकरा किलोमीटरच्या चौकटीचा. पहिली आवृत्ती साधारण चार तासांनी येते; पर्जन्यमापकांशी ताडून दुरुस्त केलेली शेवटची आवृत्ती यायला तीन महिन्यांहून जास्त लागतात. जमिनीवरचा पाऊस ओळखताना सूक्ष्मलहरी संवेदक मुख्यतः ढगातल्या बर्फकणांनी किरणं किती विखुरली यावर विसंबतात. वर सांगितलेल्या बुटक्या ढगांत बर्फ थोडा, म्हणून डोंगरउतारावरचा पाऊस ते कमी दाखवतात. महिन्याची बेरीज किंवा तालुक्यांची आपसांत तुलना करायला हे नकाशे चांगले. 'काल माझ्या शेतात किती झाला' याचं उत्तर त्यांच्याकडे मागू नका.

त्याचं उत्तर शेतातल्या पर्जन्यमापकात आहे, आणि तो बसवणं अवघड नाही. तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच आणि अगदी आडवं. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. केळीच्या बागेत पानांच्या आडोशाला ठेवलेला मापक वाऱ्याच्या पावसात हमखास कमी दाखवतो. सकाळी साडेआठला वाचायचा, कारण खात्याचा पावसाचा दिवस तेव्हा बदलतो. १ मिलीमीटर म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर. ठिबक किती वेळ बंद ठेवायची याचा हिशेब इथूनच निघतो.

कुणी विचारेल, मग रडार का बघू नये? जरूर बघा. पण मुंबई, नागपूर, भोपाळ ही तिन्ही ठिकाणं जळगावपासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या पलीकडे आहेत. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारची खालच्यात खालची शलाकाही अडीचशे किलोमीटरवर सुमारे सहा किलोमीटर उंच गेलेली असते. लांबचं रडार उंच वादळाचा वरचा भाग पकडतं, खालची सर निसटते. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं (आयआयटीएम) 'दामिनी' ॲप आहे. ते जमिनीवरच्या संवेदकांवर चालतं, उपग्रहावर नाही. फेब्रुवारी-मार्चच्या अवकाळीत उपग्रहाची चित्रमाला आणि दामिनी शेजारी शेजारी ठेवा. गारपिटीची जागा सांगणं उपग्रहाला जमत नाही; झपाट्यानं गार होणारा माथा आणि त्याच्याखाली वाढत्या विजा एवढाच इशारा मिळतो, तोही पाऊण-एक तास आधी.

आता ५५ आणि ४६. दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. केंद्रातलं तापमान हवेचं: जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, वारा खेळता ठेवून मोजलेलं. उपग्रहाचा आकडा जमिनीच्या पृष्ठभागाचा. कापूस उपटून मोकळी झालेली काळी जमीन मेच्या दुपारी हवेपेक्षा दहा अंशांनी किंवा त्याहून जास्त तापते, अनवाणी पाऊल टाकवत नाही ते त्यामुळेच. शेजारची ठिबकवरची केळी पानांतून पाणी सोडते, म्हणून तिचा पृष्ठभाग हवेच्या जवळपास राहतो. नकाशात ती बाग निळसर बेटासारखी उठून दिसते. उष्णतेचे विक्रम नेहमी पेटीतल्या हवेचे धरतात. पृष्ठभागाचा आकडा त्यांच्या रांगेत बसवता येत नाही.

असा नकाशा हाती आला की उपग्रह कोणता आणि वेळ कोणती हे विचारा. अमेरिकेचा लँडसॅट सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास जातो, तेव्हा जमीन अजून तापायची असते. त्याची औष्णिक वाहिनी १०० मीटरची, म्हणून शेतागणिक फरक दिसतो, पण एक लँडसॅट त्याच जागी सोळा दिवसांनी परततो. दुपारी दीडच्या सुमारास जाणारे उपग्रह रोजचे, पण त्यांचा ठिपका किलोमीटरभराचा. विरळ ढगाची झिरझिरीत चादर मध्ये आली की आकडा गुपचूप पाच-सहा अंशांनी खाली येतो, आणि नकाशा रंगवणाऱ्यानं ढग गाळले नसतील तर ते कळतही नाही. हिवाळ्यात रात्री पृष्ठभाग हवेहून गार पडतो. पारा दहा-बाराच्या खाली गेला की केळीची निसवण (घड बाहेर येणं) अडकते, तेव्हा रात्रीच्या नकाशावरून शिवारातले सखल, गारठ्याचे पट्टे ओळखता येतात. पुढच्या कांदेबागेची (ऑक्टोबरच्या सुमारास लावायच्या केळीची) जागा ठरवताना ते फार उपयोगाचं आहे. फळपीक विम्याला मात्र महसूल मंडळाच्या हवामान केंद्राची नोंद धरतात. उपग्रह नकाशाची प्रत तिथं चालत नाही.

समुद्राबद्दल थोडक्यात. खान्देशाला किनारा नाही, पण पावसाचं पाणी तिकडूनच येतं. ओशनसॅट-३ (२६ नोव्हेंबर २०२२) समुद्रावरच्या लाटांच्या खरबरीतपणावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा काढतो. बंगालच्या उपसागरात चक्रीय वारा बांधला जातोय हे ढग नीट वळायच्या आधी यात दिसतं. असं कमी दाबाचं क्षेत्र मध्य प्रदेशात शिरलं की त्याच्या नैर्ऋत्येकडच्या भागात पाऊस जोराचा असतो, आणि आपण नेमके त्या भागात येतो. बैतूलकडे आणि पूर्णेच्या खोऱ्यात दिवसभर थंड माथे दिसले तर आपल्याकडे ऊन असलं तरी तापीवरच्या हतनूर धरणाकडे लक्ष ठेवा. नदीकाठच्या मोटारी वर घ्यायला वेळ मिळतो. समुद्राच्या पृष्ठतापमानाचे नकाशे मात्र वरच्या पापुद्र्याचे असतात, अवरक्त वाहिनीला मिलीमीटरच्या शंभराव्या भागाखालचं दिसत नाही. खाली गरम पाण्याचा थर किती जाड आहे हे उंचीमापक उपग्रह सांगतात, कारण तापलेलं पाणी फुगतं आणि समुद्राची पातळी काही सेंटिमीटरनं उचलली जाते. प्रशांत महासागरातला एल निनो, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं, असाच आधी लक्षात येतो. २०२३ साली एल निनो होता आणि तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. तरी एल निनोवरून देशाचा कल काढता येतो, चोपड्याच्या पेरणीची तारीख नाही.

हवामान बदलाच्या नोंदीतही एक खाच आहे. उपग्रह पाच-दहा वर्षं टिकतो, बदल बघायला तीस-चाळीस वर्षं लागतात. म्हणून अनेक उपग्रहांच्या नोंदी जोडाव्या लागतात, आणि जुन्या उपग्रहाची कक्षा हळूहळू सरकून त्याची येण्याची वेळ बदलते. दुपारी अडीचला मोजणारा उपग्रह काही वर्षांनी चारला मोजू लागला तर पृथ्वी थंड होत असल्याचा भास होतो. ॲलाबामा विद्यापीठाच्या हंट्सव्हिल शाखेच्या प्रसिद्ध तापमान नोंदीत याच दुरुस्तीतली चूक २००५ साली दाखवून दिली गेली, आणि दुरुस्तीनंतर तापमानवाढीचा आकडा वर गेला. तुम्हीही लँडसॅट आणि युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांचे हिरवाईचे आकडे एकाच आलेखात चढवताना जपा. दोघांच्या वाहिन्या तंतोतंत सारख्या नाहीत, पीक न बदलता आकडा बदलतो.

शेवटचा प्रश्न भूजलाचा. ज्या मोहिमेचं नाव तुम्ही ऐकलं असेल ती ग्रेस, २००२ ते २०१७, आणि तिच्यामागून मे २०१८ पासून ग्रेस-एफओ. ही मोहीम किरणं बघत नाही. एकामागून एक सुमारे २२० किलोमीटर अंतरानं धावणारे दोन उपग्रह आपसातलं अंतर अतिशय बारकाईनं मोजतात. खाली पाण्याचं वजन घटलं की गुरुत्वाकर्षण किंचित बदलतं आणि अंतर हलतं. पंजाब, हरियाणा, राजस्थान पट्ट्यातून २००२ ते २००८ या काळात सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल गेल्याचं याच मोजणीनं दाखवलं. पण ही मोजणी तीनेकशे किलोमीटरच्या पट्ट्यावर सरासरी काढते. जळगाव जिल्हा आहे ११,७६५ चौरस किलोमीटरचा. असे कित्येक जिल्हे तिच्या एका ठिपक्यात मावतात. त्यातच तापीकाठचा खोल गाळ आणि पारोळा-चाळीसगावकडचा काळा पाषाण यांची गाठ पडते, ज्यांच्या विहिरींची वागणूक पूर्ण वेगळी. यावल-रावेरचा आकडा तिच्यातून काढून देतो असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

गाळाच्या पट्ट्यात जास्त उपशानं जमीन खचते का, हे रडार उपग्रहांवरून मिलीमीटरपर्यंत काढता येतं. सेंटिनेल-१ च्या आखूड लहरी केळीच्या पानांवरच अडखळतात, म्हणून त्या भागात खात्रीची मोजणी फक्त गावठाण, रस्ते, पूल अशा ठिकाणी मिळते. ३० जुलै २०२५ रोजी सोडलेल्या इस्रो-नासाच्या निसार या रडार उपग्रहाच्या लांब लहरी पानांतून जास्त आत जातात, तिथून चांगली आशा आहे. तोवर गावाच्या पाच-सहा विहिरी आणि बोअर निवडा आणि जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत पातळी मोजा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा याच महिन्यांत मोजते, त्यामुळे तुमचे आकडे तिच्या निरीक्षण विहिरींशी ताडता येतील. आदल्या संध्याकाळपासून मोटार बंद ठेवा, शेजारचीही. सकाळी काठावरच्या रंगानं केलेल्या एकाच खुणेपासून टेप सोडा. टेपच्या शेवटच्या मीटरला खडू फासला तर पाणी कुठवर लागलं ते बोअरमध्येही स्पष्ट उमटतं.